पाहुण्यांसाठी किल्ली : वाय-फाय आणि काळ्या-पांढऱ्या चौकोनांची लिपी

गौरी-गणपतीचे दिवस. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील, खासबाग मैदानापासून हाकेच्या अंतरावरचे एक घर. सोप्यात गणपतीची आरास मांडली आहे आणि घर पाहुण्यांनी भरून गेले आहे. इचलकरंजीची आत्या आली आहे, गडहिंग्लजचे मामा आले आहेत, पुण्याचा आतेभाऊ आला आहे. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि आतेभावाने घरातील नववीत शिकणाऱ्या मुलाला विचारले, "तुमच्या वाय-फायचा पासवर्ड काय रे?"

मुलगा सांगू लागला, "मोठा के, मग लहान ओ, मग एल, मग आकडा शून्य, ओ नव्हे..." एकदा चुकले, दोनदा चुकले. आतेभावाचे झाले तोवर मामांनी फोन पुढे केला. मामांचे झाले तोवर आत्याने. शेवटी कंटाळून त्याने फोनवरच एक क्यूआर कोड तयार केला, तो कागदावर छापून घेतला आणि मखराशेजारी भिंतीवर चिकटवला. आता जो येईल त्याने फोनचा कॅमेरा त्या चौकोनावर धरायचा, की झाली जोडणी! सगळे खूष झाले.

संध्याकाळी त्याने आराशीचा सुंदर फोटो काढून नातेवाइकांच्या आणि वर्गमित्रांच्या गटांवर पाठवला. आजी शेजारीच बसली होती. तिने विचारले, "त्या चौकोनात काय लिवलंय रं?"

"आपला पासवर्ड, आजी."

"आन् फोटुत त्यो चौकोन आलाय न्हवं? मग तू समद्यांस्नी घराची किल्लीच धाडलीस की!"

मुलगा हसला. म्हणाला, "आजी, ते नुसते चित्र आहे. किल्ली कशी असेल?"

विद्यार्थी मित्रांनो, कोणाचे खरे? आजीचे की नातवाचे? उत्तर देण्याची घाई करू नका. त्याआधी वाय-फाय म्हणजे काय, पासवर्ड कशासाठी असतो आणि या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत नेमके काय दडलेले असते, हे आपण क्रमाने पाहू या.

भिंतीपलीकडे जाणारे तरंग

घरातील राऊटर ही एक लहानशी रेडिओ-यंत्रणाच आहे. ती रेडिओ-तरंग पाठवते आणि स्वीकारते. नेहमीच्या वाय-फायच्या तरंगांची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, सुमारे २४० कोटी असते. प्रकाशाप्रमाणेच हे तरंगही सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर वेगाने जातात. आता भागाकार करा. ३० कोटी भागिले २४० कोटी म्हणजे मीटरचा आठवा भाग, अर्थात साडेबारा सेंटिमीटर. ही झाली एका तरंगाची लांबी. तुमच्या तळहाताएवढी किंवा त्याहून थोडी कमी! दुसऱ्या प्रकारच्या वाय-फायची कंप्रता सुमारे ५०० कोटी असते. त्याच्या तरंगाची लांबी किती, हे तुम्हीच काढा.

हे तरंग भिंतीतून काही प्रमाणात आरपार जातात. मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत घराला घर लागून असते, दोन घरांत कधी एकच भिंत असते. म्हणून तुमच्या राऊटरचे तरंग शेजारच्या घरात, गल्लीत, समोरच्या दुकानातही पोचतात. तरंगांना उंबरठा ठाऊक नसतो. मग घरातला कोण आणि बाहेरचा कोण, हे राऊटरने ओळखायचे कसे?

पूर्वी किल्ल्याच्या दरवाजावर रात्री येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारीत. तो बरोबर सांगितला तरच दिंडी उघडे. पासवर्ड म्हणजे हाच परवलीचा शब्द. फरक एवढाच, की येथे तो हवेतून मोठ्याने बोलला जात नाही. राऊटर आणि फोन दोघेही तो शब्द वापरून एक गणित करतात आणि फक्त त्यातून निघालेली उत्तरे एकमेकांना पडताळून दाखवतात. २००४ सालापासून रूढ झालेल्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द एकत्र करून ते मिश्रण ४,०९६ वेळा पुन्हा पुन्हा घुसळले जाते आणि त्यातून खरी किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, तयार होते.

इतके घुसळायचे कशासाठी? अंदाजाने शब्द शोधणाऱ्याला उशीर व्हावा म्हणून. तरीही शब्द लहान असेल तर उपयोग होत नाही. समजा, एखादे यंत्र सेकंदाला १० लाख शब्द चाचपून पाहते. तुमचा पासवर्ड आठ आकड्यांचा असेल, तर एकूण शक्यता १० कोटी. म्हणजे १०० सेकंदांत सगळ्या संपल्या! पुष्कळ लोक आपला मोबाईल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवतात. आपल्याकडील मोबाईल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ या आकड्यांनीच सुरू होतात, म्हणून त्याच्या शक्यता ४०० कोटींपेक्षा अधिक नाहीत. त्या संपायला तासाभराहून थोडा अधिक वेळ पुरेल. पण रोमन लिपीतील बारा लहान अक्षरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडली, तर शक्यता होतात २६ चा बारावा घात, म्हणजे सुमारे ९५४ कोटी कोटी. त्याच यंत्राला त्या संपवायला सुमारे ३,००० वर्षे लागतील!

मग लोक लहान पासवर्ड का ठेवतात? कारण तो पाहुण्यांना तोंडाने सांगावा लागतो. बारा निरर्थक अक्षरे पाच पाहुण्यांना सांगून पाहा, म्हणजे कळेल! पाहुणचाराच्या सोयीसाठी आपण कुलूपच कच्चे ठेवतो. क्यूआर कोडाचा खरा उपयोग येथे आहे. फोन काही कंटाळत नाही आणि शून्याला ओ समजत नाही. शब्द बारा अक्षरांचा असो की तीस अक्षरांचा, कॅमेरा तो क्षणात वाचतो.

हा कोड आला कोठून?

दुकानातील वस्तूंवर उभ्या काळ्या रेघांचा बारकोड तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेतील वुडलंड आणि सिल्व्हर या दोघांना त्याच्या मूळ कल्पनेचे पेटंट १९५२ साली मिळाले. दुकानात आजच्या पद्धतीचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंगगमचे एक पाकीट.

पण बारकोडाची एक मर्यादा आहे. तो फक्त डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो. रेघ कितीही उंच काढली तरी माहिती वाढत नाही. जपानमधील डेन्सो ही कंपनी मोटारींचे सुटे भाग तयार करते. तेथे एकेका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगारांना ते एकामागून एक वाचावे लागत. त्यात वेळ फार जाई. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग भरलेली खोकी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ही अडचण सहज समजेल.

डेन्सोतील अभियंते मासाहिरो हारा यांनी यावर उपाय शोधायचे ठरवले. माहिती आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी मांडली तर? काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी चौकटींच्या पटावर खेळल्या जाणाऱ्या 'गो' या खेळावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. १९९४ साली त्यांचा क्यूआर कोड प्रसिद्ध झाला. या दोन अक्षरांचा अर्थ 'चटकन उत्तर' असा आहे. कंपनीने पेटंट घेतले, पण तो वापरण्याबद्दल लोकांकडून पैसे मागितले नाहीत. म्हणूनच तो कारखान्यातून बाहेर पडून जगभर पसरला.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना तो अनोळखी नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर तो छापलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचा प्रयोग केला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यामागे हेही काम होते. मंडईतील भाजीवाल्या मावशींच्या गाड्यावर पैसे घेण्यासाठी लावलेला चौकोनही याच कुळातला.

चौकोनांत अक्षरे कशी बसतात?

संगणकाला प्रत्येक अक्षर हे एका क्रमांकाने ठाऊक असते. उदाहरणार्थ, रोमन लिपीतील मोठ्या 'के'चा क्रमांक आहे ७५. हा क्रमांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहू या. ७५ म्हणजे ६४ + ८ + २ + १. म्हणून तो लिहायचा ०१००१०११. आता १ च्या जागी काळा चौकोन आणि ० च्या जागी पांढरा चौकोन मांडा. आठ चौकोनांत एक अक्षर बसले!

प्रत्यक्ष कोडात आणखी एक पायरी असते. काळे चौकोन एके ठिकाणी गोळा झाले, तर कागदावर मोठा डाग दिसेल आणि कॅमेरा गोंधळेल. म्हणून आठ ठरावीक नक्षींपैकी जी सर्वांत सोयीची असेल ती संदेशावर टाकतात आणि नक्षीत येतील त्या चौकोनांचा रंग उलटा करतात. कोणती नक्षी वापरली, हे कोडातच एका बाजूला नोंदवलेले असते. वाचणारा फोन ती नक्षी पुन्हा उलटवतो आणि मूळ संदेश मिळवतो.

सर्वांत लहान क्यूआर कोड २१ गुणिले २१ चौकोनांचा असतो. पुढचा प्रत्येक आकार चार-चार चौकोनांनी वाढतो : २५, २९, ३३... असे करीत चाळीसावा आकार १७७ गुणिले १७७ होतो. घरच्या वाय-फायचा कोड बहुधा लहान आकारांतच मावतो.

देवनागरीची एक गंमत सांगतो. रोमन अक्षराला आठ चौकोनांचा एक गट पुरतो, पण देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला असे तीन गट लागतात. काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे चिन्ह धरायचे बरे का! वाय-फायच्या नावाला एकूण ३२ गटांचीच मुभा असते. आता 'मंगळवार पेठ' हे नाव बसेल का, मोजून पाहा. म, अनुस्वार, ग, ळ, व, काना, र ही सात चिन्हे. प, मात्रा, ठ ही तीन. दहा चिन्हांचे तीस गट आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक, एकूण ३१. बसले! फक्त एकच गट शिल्लक उरला. तुमच्या गावाचे किंवा पेठेचे नाव बसते का, तेही मोजा.

तीन डोळे

कोणताही क्यूआर कोड पाहा. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतील. बाहेर काळी चौकट, आत पांढरी पट्टी, मध्यभागी काळा ठोकळा. हे कोडाचे डोळेच समजा. या डोळ्याच्या मध्यातून एक रेषा काढली, तर तिच्यावर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा असे पट्टे येतात आणि त्यांच्या रुंदीचे प्रमाण १ : १ : ३ : १ : १ असते. आडवी रेषा काढा, उभी काढा किंवा तिरपी काढा, प्रमाण तेच राहते. खासबागेच्या मैदानात कोणत्याही बाजूला बसले तरी मधला आखाडा सारखाच दिसतो ना? तसेच हे आहे.

हेच प्रमाण का निवडले? हारा आणि त्यांच्या सहकाऱ्याने छापील कागदांतील काळ्या-पांढऱ्या भागांची प्रमाणे तपासली आणि जे सर्वांत क्वचित आढळते ते घेतले. त्यामुळे शेजारी मजकूर असला तरी कॅमेरा फसत नाही.

चौथ्या कोपऱ्यात डोळा का नाही, हा प्रश्न तुम्हांला पडला असेल. चारही कोपरे सारखे असते तर वर कोणते आणि खाली कोणते हे कळलेच नसते! तीन डोळ्यांमुळे कोड उलटा धरला तरी फोन त्याला मनातल्या मनात सुलटा करून घेतो. कोडाभोवती चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडावी लागते, हेही लक्षात ठेवा. मखराच्या रंगीत कागदावर कोड अगदी कडेपर्यंत कापून चिकटवला तर तो नीट वाचला जात नाही, त्याचे कारण हेच.

फाटला तरी वाचतो, तो कसा?

आराशीजवळच्या कोडावर गुलाल उडाला, कोपरा फाटला, तरी पुष्कळदा तो वाचला जातो. ही जादू नव्हे, गणित आहे. एक सोपे उदाहरण घेऊ.

तुम्हांला ४, ७, २ हे तीन अंक मित्राला पाठवायचे आहेत. त्यांच्याबरोबर दोन बेरजाही पाठवा. पहिली साधी बेरीज : ४ + ७ + २ = १३. दुसरी बेरीज करताना पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने आणि तिसऱ्याला ३ ने गुणा : ४ + १४ + ६ = २४. आता वाटेत एक अंक बिघडला आणि मित्राला ४, ९, २ मिळाले. तो साधी बेरीज करतो : १५. दोन जास्त आले. म्हणजे कोणता तरी अंक दोनने वाढला आहे. दुसरी बेरीज करतो : ४ + १८ + ६ = २८. चार जास्त आले. चार भागिले दोन बरोबर दोन. म्हणजे चूक दुसऱ्या अंकात आहे! नऊमधून दोन वजा केले, की मूळचा सात मिळाला. किती चुकले हे पहिल्या बेरजेने सांगितले आणि कोठे चुकले हे दुसरीने.

याच विचाराची फार पुढची पायरी १९६० साली अमेरिकेतील रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी गाठली. त्यांच्या पद्धतीत एकाच वेळी अनेक चुका दुरुस्त होतात. त्यासाठी वापरलेल्या अंकगणिताचा पाया घालणारा फ्रेंच गणितज्ञ गाल्वा १८३२ साली वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी मरण पावला. कॉम्पॅक्ट डिस्कवरील ओरखडे दुर्लक्षून गाणे ऐकू येते तेही रीड-सॉलोमन पद्धतीमुळेच. क्यूआर कोडात दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात. त्यांनुसार सुमारे ७, १५, २५ किंवा ३० टक्के भाग बिघडला तरी संदेश परत मिळतो. पातळी जितकी वरची, तितके चौकोन दुरुस्तीसाठी अधिक खर्च होतात.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करून पुढे अमेरिकेत गेलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य राय-चौधुरी यांनी १९६० साली, तसेच फ्रान्समधील ओकेंगेम यांनी स्वतंत्रपणे १९५९ साली, चुका सुधारणाऱ्या संकेतांचा एक मोठा वर्ग शोधून काढला. कोडातील 'कोणती नक्षी, कोणती पातळी' ही नोंद याच प्रकारच्या संकेताने जपलेली असते. म्हणजे मखराशेजारच्या त्या कागदावर बोस यांचे गणितही आहे!

लिपी, कुलूप नव्हे

आता आजीच्या प्रश्नाकडे वळू या. वाय-फायच्या कोडात कोणता संदेश लिहिलेला असतो? प्रत्यक्षात तो रोमन लिपीत असतो, आपण नागरीत लिहू :

वायफाय : टी : डब्ल्यूपीए ; एस : वाय-फायचे नाव ; पी : परवलीचा शब्द ; ;

'टी'पुढे कुलपाचा प्रकार, 'एस'पुढे नाव, 'पी'पुढे पासवर्ड. बस्स! यात गुपित असे काहीच नाही. पासवर्ड कोठेही झाकलेला नाही, बदललेला नाही. तो उघड लिहिला आहे, फक्त वेगळ्या लिपीत. मोडी वाचता न येणाऱ्याला मोडी कागद गूढ वाटतो, पण मोडी जाणणारा तो सहज वाचतो. क्यूआर ही लिपी आपल्या डोळ्यांना वाचता येत नाही, म्हणून आपल्याला ती कुलपासारखी वाटते. फोनला मात्र ती येते, आणि फोन आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून आजीचेच खरे! खऱ्या किल्लीच्या चित्राने कुलूप उघडत नाही, पण येथे किल्ली आणि किल्लीचे चित्र एकच आहे. फोटोत कोड स्पष्ट आला असेल, तर तो फोटो जेथे जेथे गेला तेथे तेथे किल्ली गेली. चुका सुधारण्याचा जो गुण आपण मघाशी वाखाणला, तोच येथे आपल्या विरुद्ध जातो. फोटो थोडा अंधुक असला, कोपऱ्यात कोणाचे बोट आले, तरी कोड वाचला जातोच. शिवाय पुष्कळ फोनांवर जोडणी झालेला पाहुणा स्वतःच्या फोनवरून तोच कोड पुन्हा काढून चौथ्याला देऊ शकतो.

दिली किल्ली तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रात घडलेली एक घटना सांगतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा एक ई-मेल पाठवला गेला होता. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो, त्यावरून तपास करणारे पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोचले. त्या घराच्या वाय-फायचा दुसऱ्याच कोणीतरी वापर केला होता. घरातील माणसाचा स्फोटांशी संबंध नव्हता, तरी चौकशी त्याच्या दारी आली. पुढे २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी बिनकुलपाची वाय-फाय शोधण्याची मोहीमही काढली. तेव्हा ध्यानात ठेवा : तुमच्या जोडणीवरून जे होईल, त्याबद्दल पहिला प्रश्न तुमच्याच घराला विचारला जाईल.

सोपा आणि माजघर

मग पाहुण्यांना 'नाही' म्हणायचे काय? छे, कोल्हापूरकराला ते जमायचे नाही! उपाय आपल्या जुन्या घरांच्या रचनेतच आहे. घरात पुढे सोपा असतो. आल्या-गेल्याचे स्वागत तेथे होते, चहापाणी तेथे होते. माजघर आत असते. तेथे घरची माणसे वावरतात, तेथेच तिजोरी. पाहुण्याला सोप्यात बसवल्याने त्याचा अपमान होत नाही.

बऱ्याच राऊटरांत असाच एक सोपा बांधता येतो. त्याला पाहुण्यांचे जाळे म्हणता येईल. राऊटर एकच, पण तो दोन नावांनी दोन वेगळी जाळी चालवतो. पाहुण्यांच्या जाळ्यातून इंटरनेटकडे जाता येते, पण घरातील संगणक, छपाईयंत्र, दारावरचा कॅमेरा आणि राऊटरच्या मांडणीचे पान यांच्याकडे जाणारी वाट बंद ठेवता येते. दोन्ही जाळ्यांचे पासवर्ड वेगळे. पाहुण्यांचा पासवर्ड सण संपल्यावर बदलला, तरी घरच्या माणसांच्या फोनांना काही करावे लागत नाही.

घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आणि त्यांच्याबरोबर बसून हे काम असे करा :

१. राऊटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे जाळे सुरू करा. त्यातून घरच्या यंत्रांकडे जाण्याची मुभा बंद आहे ना, ते तपासा.

२. त्याला लांब पासवर्ड द्या. कोडामुळे तो कोणाला पाठ करावा लागणार नाही, तेव्हा बारापेक्षा अधिक अक्षरे खुशाल घ्या. कोणाचे नाव, जन्मतारीख किंवा फोन क्रमांक घेऊ नका.

३. कोड फोनच्या वाय-फाय मांडणीतूनच तयार करा. अनोळखी संकेतस्थळावर पासवर्ड टाइप करून कोड बनवून घेणे म्हणजे किल्ली बनवणाऱ्याकडे घराचा पत्ताही देऊन ठेवणे.

४. कोड घरात लावा, पण खिडकीतून किंवा रस्त्यावरून दिसेल असा नको. फोटो काढताना तो उलटा करून ठेवा.

५. पाहुणे गेले की पासवर्ड बदला किंवा ते जाळे बंद करा. जुना कागद आपोआप निकामी होईल.

आपल्या गोष्टीतील मुलानेही हेच केले. त्याने आधी पासवर्ड बदलला. गटांवर गेलेला फोटो परत घेता आला नाही, पण त्यातील किल्ली आता कोणत्याच कुलपाला लागत नव्हती. मग त्याने नवे जाळे उभे केले आणि त्याला नाव दिले 'सोपा'. नवा कोड आजीच्या हाती देऊन तो म्हणाला, "आजी, हा तू सांभाळ. पाहुणे आले की काढायचा, गेले की ठेवून द्यायचा." आजीने तो कपाटातल्या किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी ठेवला. याहून योग्य जागा कोणती?

करून पाहा

प्रयोग १ : घरच्या वाय-फायचा कोड कागदावर छापून घ्या. मध्यभागी कागदाचा एक लहान तुकडा ठेवून तो वाचून पाहा. तुकडा हळूहळू मोठा करीत जा. वाचणे केव्हा थांबते? आता तोच लहान तुकडा एका डोळ्यावर ठेवा. काय फरक पडला आणि का?

प्रयोग २ : कोडातील मजकूर नुसता दाखवणारी सोय असलेल्या फोनवर हाच कोड वाचा. तुमचा पासवर्ड उघड दिसतो ना? तो घरच्या मोठ्यांना दाखवा आणि मग प्रयोगाचा कागद फाडून टाका.

प्रयोग ३ (वर्गासाठी) : शिक्षकांनी फळ्यावर पाच अंक आणि वर सांगितलेल्या दोन बेरजा लिहाव्यात. मग मुलांना डोळे मिटायला सांगून एक अंक बदलावा. कोणता बदलला हे आधी कोण सांगतो, पाहू या! शेवटी एकाऐवजी दोन अंक बदलून पाहा. आता दोन बेरजा पुरतात का? पुरत नसतील तर आणखी किती हव्यात, याचा विचार करा. रीड आणि सॉलोमन यांच्यापुढेही अगदी हाच प्रश्न होता.